गुप्तदानाचं पावती पुस्तक: बेळगावात क्वीअर भयकथांचा संग्रह लोकवर्गणीतून कसा निघाला

सीमाभागात मराठी पुस्तक काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, घेणार कोण. त्यात ते भयकथांचं, त्यातही सगळे लेखक क्वीअर, म्हणजे गे, लेस्बियन, ट्रान्स असे, आणि खिशात पैसे नसल्यामुळे लोकांकडून आधी गोळा करून मग छापायचं. गुढीपाडव्याला सुरू झालेलं हे काम दिवाळीत पुस्तक हातात येऊन संपलं, २०२५ सालात. मधे काय काय झालं ते सविस्तर लिहून ठेवतेय कारण खानापूर, निपाणी, गडहिंग्लज, जत असल्या ठिकाणी कुणी असं काही करायला निघालं तर मुंबई-पुण्याच्या अनुभवावर विसंबून चालणार नाही. नावं सगळी गाळलीत, ओळख पटेल असे तपशीलही. मी या कामात पहिल्यापासून आहे, त्यामुळे तटस्थ नाही, हे पुस्तक व्हायलाच पाहिजे होतं असं मला तेव्हाही वाटायचं आणि आत्ताही वाटतं.

माणसं मोजकीच. शहरातली दोघं, एक खानापूरकडची, एक निपाणीचा, एक चिकोडी तालुक्यातला जो आता पुण्यात आयटीत आहे, आणि आमची अक्का. अक्काचं डीटीपीचं दुकान आहे. ती स्वतः क्वीअर नाही, संसारी बाई, पण या सगळ्या पोरांचे कॉलेजचे प्रोजेक्ट, बायोडाटा, नोकरीचे अर्ज तिच्याच कॉम्प्युटरवर टाइप झालेले, आणि कोण काय आहे ते तिला कुणी न सांगताच कळलेलं होतं. पुस्तकाची गोष्ट काढली तेव्हा तिनं एकच विचारलं, "लिहिणाऱ्यांना पैसे देणार काय रे, का नुसतं नाव?" तिथूनच ठरलं की मानधन आधी, बाकी सगळं नंतर.

भयकथाच का, हे आम्हाला खूप जणांनी विचारलं. प्रेमकथा काढा, अनुभव काढा, मुलाखती काढा. पण आपली भुतं बघा की जरा. मुंजा म्हणजे मुंज झाली आणि लग्न व्हायच्या आत गेलेला पोरगा, पिंपळावर बसलेला. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. ज्याचं लग्न राहिलं, मूल राहिलं, ज्याची रीत अर्ध्यावर तुटली तो भूत होतो, गावाबाहेर झाडावर नाहीतर विहिरीत राहतो, आणि लोक संध्याकाळी त्याचं नावसुद्धा घेत नाहीत. तिशीला आलेल्या आणि दर दिवाळीला "यंदा तरी बघायचं काय मुलगी" हे ऐकणाऱ्या गे मुलाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, तो पिंपळावरच बसलेला असतो. संग्रहातली पहिली गोष्ट अशाच मुंजाची आहे. घरचे त्याला सोडवायला मातीची नवरी करून तिच्याशी लग्न लावायचं ठरवतात, भगत रात्री हळदीची वाटी पिंपळाच्या बुंध्याशी ठेवून येतो, सकाळी बघतात तर वाटी पालथी आणि हळद सगळी आईच्या उशाशी सांडलेली. ही गोष्ट लिहिणाऱ्या मुलाचं शिक्षण कन्नड माध्यमात झालं, मराठी घरात बोलतो पण लिहायची सवय नाही, म्हणून त्यानं ती व्हॉट्सअपवर व्हॉइस नोट करून पाठवली आणि अक्कानं बसून टाइप केली.

एक नियम आम्ही पहिल्याच दिवशी केला. गोष्टीत भीती वाटायला हवी ती घराची, शेजाऱ्याच्या नजरेची, लग्नाच्या तारखेची, तृतीयपंथी माणसाची नाही. सिनेमांनी साडीतला पुरुष दाखवून लोकांना भरपूर घाबरवलंय, ते आम्हाला परत करायचं नव्हतं. शिवाय सौंदत्ती आमच्याच जिल्ह्यात, यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेला जाणाऱ्या माणसाला जोगप्पा काही नवीन नाहीत, देवीचे म्हणून साडी नेसून डोक्यावर जग, म्हणजे देवीची टोपली, घेऊन फिरणारे हे लोक आज्या-पणज्यांनी बघितलेत, त्यांच्याकडून भंडारा लावून घेतलाय. त्यांच्यातल्याच तृतीयपंथी लोककलाकार मंजम्मा जोगती २०१९ ला कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या, २०२१ ला पद्मश्री मिळाली. त्यामुळे "हे सगळं परदेशातून आलंय" असं निदान बेळगाव जिल्ह्यात कुणी म्हणू नये. लोक म्हणतात, तो भाग वेगळा.

हिशोब असा होता. डेमी साइज, १६० पानं म्हणजे सोळा-सोळा पानांचे १० फर्मे, ५०० प्रती, छपाई-बाइंडिंगचे ४०,०००. दहा लेखकांना प्रत्येकी ३,००० प्रमाणे ३०,०००. मुखपृष्ठ ८,०००, डीटीपी आणि प्रूफं १०,०००, टपाल-पॅकिंग १५,०००, वेबसाइटची फी आणि अडीअडचण १२,०००. एकूण १,१५,०००. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो, तेवढाच आधार. पाचशेपेक्षा कमी छापलं तर ऑफसेटला प्लेटचा खर्च प्रतीमागे फार पडतो आणि डिजिटलवर काढलं तर ३०० रुपयांत विकणं परवडत नाही, म्हणून आकडा तिथेच थांबला.

पुण्याच्या मित्राचं म्हणणं सुरुवातीपासून किकस्टार्टर, ही लोकांकडून आधी पैसे गोळा करायची अमेरिकेतली वेबसाइट. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये क्वीअर हॉररचे छोटे प्रकाशक त्यावरच उभे आहेत हे खरंय, आणि त्याची पद्धत मला स्वतःला फार आवडते. ठरलेली रक्कम मुदतीत पूर्ण झाली तरच पैसे कापले जातात, नाहीतर कुणाचा एक रुपया जात नाही, वेबसाइट ५ टक्के घेते, पेमेंटचे वर वेगळे. म्हणजे शंभर माणसांनी होय म्हटल्याशिवाय छापखान्यात जायचंच नाही, लेखक कर्जात जात नाही. पण भारतात राहणाऱ्याला तिथे स्वतःचा प्रोजेक्ट उघडता येत नाही, फक्त दुसऱ्याला मदत करता येते. मग इथल्या एका वेबसाइटवर गेलो. इथली अडचण वेगळीच, आपल्याकडे क्राउडफंडिंग म्हणजे केट्टो, मिलाप, आणि ते म्हणजे दवाखान्याचं बिल, हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की लिंक फिरली आणि एकाच्या मामांचा फोन आला, "कोण ॲडमिट आहे रे? काय झालंय?" पुस्तकासाठी आधी पैसे द्यायचे आणि नंतर पुस्तक घ्यायचं ही गोष्ट मराठीत नवीन अजिबात नाही, एकोणिसाव्या शतकात आगाऊ वर्गणीदार मिळवूनच कितीतरी मराठी पुस्तकं छापली गेली, आणि प्रकाशनपूर्व सवलत तर आजही चालते. पण ते वेबसाइटवर लाल बटणाखाली आलं की लोकांना दान वाटतं, आणि दान म्हटलं की प्रश्न येतो, हा गरजू आहे काय.

तरी सुरुवात बरी झाली. पुणे, मुंबई, बेंगळुरूमधून पैसे आले, ४०,००० च्या आसपास गेलो आणि मग सगळं ठप्प. आणि त्या चाळीस हजारांत बेळगाव जिल्ह्यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. ग्रुपमधे दोन मतं पडली, एक म्हणजे इथे वाचकच नाही, पुण्यात नेऊन छापूया आणि तिथेच विकूया, आणि दुसरं म्हणजे थोडं थांबूया. मला पहिलं मत पटत नव्हतं कारण इन्स्टाला रोज मेसेज यायचे, पुस्तक कधी येणार म्हणून, आणि त्यातले निम्मे इथलेच.

मग एकेकाला विचारायला लागलो, आणि उत्तर जवळपास सगळ्यांचं एकच निघालं. पैसे आहेत, द्यायचेत, पण कसे देऊ. युपीआयनं दिले की समोरच्याला माझं नाव दिसतं आणि माझ्या स्टेटमेंटमधे त्याचं. वेबसाइटवर नाव लपवायची सोय होती पण बँकेत कशी लपवणार, पासबुक भरायला बाबा जातात. एका कॉलेजच्या मुलीचं खातं वडिलांच्या मोबाईल नंबरवर, पैसे गेले की मेसेज त्यांना. एका लग्न झालेल्या माणसानं लिहिलं की तीनशे रुपयांचं काही नाही, पण पार्सल घरी येईल आणि बायको उघडेल. पैसे घेणाऱ्याची तीच गत, खातं आमच्यातल्या एकाचं होतं आणि तो घरी काही बोललेला नाही, त्याच्या नावावर रोज अनोळखी लोकांचे तीनशे-तीनशे जमा व्हायला लागले तर तो घरात काय सांगणार. मोठ्या शहरात आधार देणं म्हणजे नाव लावणं, खाली "यांचे आभार" म्हणून यादी येते आणि लोक अभिमानानं ती शेअर करतात. बेळगावात अर्ध्या गल्लीला अर्धी गल्ली ओळखते, इथे तीच यादी लोकांना अडवत होती.

उपाय अक्कानं काढला, आणि तो आपल्या घरातलाच निघाला. श्रावण चालू होता, गणपतीच्या वर्गणीचे दिवस. बेळगावात सार्वजनिक गणपती टिळकांच्या काळापासूनचा, १९०५ चा, त्यामुळे वर्गणी, पावती, अहवाल हे सगळं इथे लहान पोरालाही कळतं. मंडळाच्या अहवालात दरवर्षी एक-दोन ओळी असतातच, "गुप्तदान ५०१ रुपये". ते कुणी दिले असं आजपर्यंत कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही, उलट त्याला मानच आहे. अक्का म्हणाली, "आपण पण तसंच करूया की. पावतीला नंबर द्यायचा, नावाच्या जागी त्याला काय पाहिजे ते लिहू दे. पैसे रोख. पुस्तक आलं की नंबर दाखवून घेऊन जाऊ दे."

पावती पुस्तक छापलं. रोख पैसे आणि वेबसाइटचे पैसे दोन्ही अक्काच्या दुकानाच्या करंट खात्यात जायला लागले, म्हणजे स्टेटमेंटमधे दिसणार ते एका डीटीपी सेंटरचं नाव, झेरॉक्सचे दिले असंही कुणी समजेल. पुस्तकविक्रीचं आगाऊ उत्पन्न म्हणून तिच्या हिशोबात रीतसर धरलं, सीएला दाखवून. खडेबाजारच्या एका चहाच्या हॉटेलात मी स्वतः पावत्या फाडल्यात. एक बाई आल्या, शहापूरच्या, साठीच्या असाव्यात, पिशवीत भाजी. सहाशे रुपये दिले, एक प्रत त्यांना, एक "ज्याला घेता येत नाही त्याला". नावाच्या जागी काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या मैत्रिणीचं नाव घाल. ती असती तर तीच आली असती." मी ते नाव लिहिलं, त्यांनी पावती दोनदा वाचली, चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवली, आणि बस चुकेल म्हणून निघाल्या.

ही "दुसऱ्यासाठी प्रत" पुढे सगळ्यात जास्त चालली. बाहेरगावच्या लोकांना आम्ही वेबसाइटवर सांगायला लागलो की तुमच्या तीनशे रुपयांत सीमाभागातल्या एका वाचकाच्या हातात पुस्तक जाईल, आणि थांबलेले ऑनलाइन पैसे परत यायला लागले. याच वेळी लंडनहून एकाचा मेल आला, मूळचा इकडचाच, २०,००० देतो म्हणाला. तो आता ब्रिटिश नागरिक. सीएनं सांगितलं की परदेशी नागरिकाची देणगी, मग तो मूळचा भारतीय का असेना, एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येते आणि नोंदणी नसताना घेता येत नाही, भारतीय पासपोर्ट असलेल्या एनआरआयनं स्वतःच्या कमाईतून दिले तर ते वेगळं. देणगी नाकारली. वाईट वाटलं, पण असल्या पुस्तकाच्या मागे कागदोपत्री काही निघालं तर पुस्तकच जातं, त्यामुळे इथे एक इंचही इकडेतिकडे करायचं नाही असं माझं ठाम मत आहे.

महिना महिना थोडे पैसे द्यायची सोय पण कुणीतरी सुचवली होती, परदेशात पॅट्रिऑनवर चालते तशी. ऑक्टोबर २०२१ पासून आरबीआयच्या नियमांनी आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची आधी सूचना जाते, मोबाईलवर. सूचना म्हणजे परत तोच मेसेज, त्याच बाबांच्या नंबरवर. सोडून दिलं.

छापखान्याचं प्रकरण मनाला लागलं. शहरातल्या एका प्रेसनं काम घेतलं, ॲडव्हान्स घेतला, पहिले दोन फर्मे प्रूफला गेल्यावर मालकांनी बोलावून परत दिला. त्यांना वाटत होतं हे बेकायदेशीर आहे. आम्ही सांगितलं की ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं कलम ३७७ मधला, प्रौढांच्या संमतीच्या समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केलाय, आता अश्लीलतेचा प्रश्न आला तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ चा, आणि एका वकील काकांनी सगळ्या गोष्टी त्या नजरेनं वाचून दिल्यात. ते शांतपणे म्हणाले, "कायद्याचं राहू दे ओ, माझी माणसं काम करतात इथं, उद्या गल्लीत चर्चा." त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही, पण तोपर्यंत पुस्तकाची तारीख लोकांना सांगून झाली होती. शेवटी कोल्हापूरला छापलं. तिथून माल आणायची धाकधूक होतीच, कारण सीमाप्रश्न तापला की पहिल्यांदा बस थांबतात, डिसेंबर २०२२ ला तसं झालं, फेब्रुवारी २०२५ ला परत झालं, आणि आमचे गठ्ठे बसनंच यायचे होते. यावेळी वाट मोकळी होती.

प्रूफाचं एक सांगायलाच पाहिजे. प्रूफं बघणारी बाई बाहेरची, चांगली, काटेकोर. तिनं एका गोष्टीतल्या मुलीच्या तोंडचं "मी आलो, मी बघितलो" सगळं "आले, बघितलं" करून टाकलं. आमच्याकडे बायका अशाच बोलतात, आणि त्या गोष्टीत तर शेवटपर्यंत सांगणारं कोण आहे हे कळू नये हीच सगळी मजा होती. सगळं परत आधीसारखं केलं. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमधे आणताना फुटलेली जोडाक्षरं दुरुस्त करायला जेवढा वेळ गेला नाही तेवढा यात गेला.

सगळ्यात जास्त भांडण मुखपृष्ठावरून झालं. पुढे "क्वीअर" छापायचं का नाही. मुंबईच्या एका मैत्रिणीनं, जिनं पैसेही बरेच दिले होते, स्पष्ट लिहिलं की लपवूनच काढायचं असेल तर काढता कशाला. तिचं म्हणणं मला समजतं, ती ज्या मोर्च्यांत चालली आहे त्यामुळेच आपण आज हे छापू शकतो. पण पुस्तक ज्याच्यासाठी काढलं त्याच्या घरात ते गेलं तर पाहिजे. भयकथांचं पुस्तक टीव्हीच्या टेबलावर पडलेलं असलं तर कुणी उचलून विचारत नाही, उलट आजीसुद्धा एखादी गोष्ट वाचते. म्हणून पुढे फक्त "भयकथा", पिंपळाचं चित्र, आणि आत पहिल्याच पानावर स्वच्छ लिहिलंय की हे सगळे लेखक कोण आहेत आणि हा संग्रह कुणासाठी आहे. मैत्रीण अजून सहमत नाही. पैसे मात्र तिनं परत मागितले नाहीत, आणि दुसऱ्यासाठी प्रती तिच्याच सगळ्यात जास्त आहेत.

पाठवायचा खर्च आम्ही जरा जास्तच धरला होता, कारण १८ डिसेंबर २०२४ ला टपाल खात्यानं पुस्तकांचा जुना स्वस्त रजिस्टर्ड वर्ग बंद केला. नंतर १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये. आमचं पुस्तक पॅकिंगसकट त्यात बसतं. ही सोय शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे, काउंटरवर विचारलं कसलं पुस्तक, लोककथेतल्या भुतांच्या गोष्टी म्हटलं, घेतलं. आणि पाकिटावर ठळक "ज्ञान पोस्ट" लिहिलेलं असल्यामुळे एका मुलाच्या आईनं ते परीक्षेचं पुस्तक समजून तसंच न उघडता त्याच्या टेबलावर ठेवलं. ज्यांना घरी नको होतं त्यांनी पावतीचा नंबर सांगून अक्काच्या दुकानातून नेलं, झेरॉक्सच्या गर्दीत.

जमा झाले वेबसाइटवरून ६०,००० च्या आसपास, पावती पुस्तकातून ४७,००० च्या आसपास. जे कमी पडले ते टपालाच्या बचतीत निघाले. लेखकांचे सगळे पैसे छपाईच्या आधी दिले, अर्धे गोष्ट घेतली तेव्हा आणि अर्धे फर्मे सुटायच्या आधी, ज्यांना खात्यावर नको होते त्यांना व्हाउचरवर सही घेऊन रोख. चिकोडीच्या एका मुलीनं त्या पहिल्या दीड हजारात स्वतःचं वेगळं सिम आणि वेगळं बँक खातं करून घेतलं. हिशोब आम्ही मंडळाच्या अहवालासारखाच एका पानावर काढला, नावं नाहीत, पावती नंबर आणि रक्कम, शहापूरच्या बाईंच्या मैत्रिणीचं नाव तेवढं त्यांच्या परवानगीनं राहिलं.

ग्रंथालयांना पुस्तकं द्यायच्या १९५४ च्या कायद्याप्रमाणे एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, चेन्नईच्या कोनेमारा ग्रंथालयात, मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आणि दिल्ली पब्लिक लायब्ररीत पाठवली. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत हिवाळ्यात जी मराठी साहित्य संमेलनं भरतात तिथे स्टॉलवर ठेवायचं का, यावर अजून एकमत नाही. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले की मराठी टिकवायची लढाई चालू असताना हे मधेच कशाला. त्यांना मी एवढंच सांगितलं की कन्नड शाळेत शिकलेला पोरगा या पुस्तकासाठी मराठी लिहायला बसलाय, याच्यापेक्षा जास्त मराठी टिकवणं काय असतं. ते पुस्तक घेऊन गेले, अजून काही कळवलं नाही.

शंभरेक प्रती शिल्लक आहेत, त्यातल्या बऱ्याच "दुसऱ्यासाठी" म्हणून आधीच पैसे भरलेल्या, म्हणजे ज्याला पाहिजे त्यानं फक्त दुकानात येऊन पुस्तक मागायचं, पैसे द्यायचे नाहीत. दुसऱ्या संग्रहासाठी गोष्टी मागवणं सुरू झालंय, व्हॉइस नोट चालेल, कानडी लिपीत लिहिलेली मराठी पण चालेल. मानधन यावेळी ४,००० करायचं ठरलंय, आणि नवीन पावती पुस्तक गोष्टी येण्याच्या आधीच छापायला टाकलंय.